विटा तितक्याच, गवत मात्र नाही

अलीकडे एक शब्दप्रयोग फार चलनी झाला आहे : ‘काळाची गरज’. कायमची नोकरी गेली आणि तिच्या जागी कंत्राट आले, ही काळाची गरज. आठ तासांचे दहा तास झाले, ही काळाची गरज. कार्यालयाने घरात पाऊल टाकले आणि रात्रीच्या जेवणाच्या ताटाशेजारी मोबाईल वाजू लागला, हीही काळाचीच गरज. धर्मग्रामांच्या सभागृहांत तरुणांसाठी जी करिअर मार्गदर्शन शिबिरे भरतात, तेथेही हाच मंत्र ऐकू येतो. वक्ते पडद्यावर आलेख दाखवतात, यंत्रांच्या बुद्धिमत्तेचे चमत्कार सांगतात, ‘बदलाल तर टिकाल’ असे बजावतात आणि शेवटी ‘नेतृत्वगुण’ अंगी बाणवण्याचा उपदेश करून निघून जातात. नेतृत्व कोणाचे करायचे, कशासाठी करायचे आणि कोणाच्या जिवावर करायचे, हे प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

ते प्रश्न विचारण्यासाठीच हा लेखप्रपंच. माझे म्हणणे थोडक्यात असे की, काळाला कसलीच गरज नसते. गरज माणसाला असते, हाव माणसाला असते आणि निर्णयही माणूसच घेतो. कामावरून कमी केल्याच्या पत्रावर काळ सही करीत नाही. सही करणाऱ्याला नाव असते, आडनाव असते आणि पुष्कळदा तो रविवारी मिस्सेला आपल्याच शेजारच्या बाकावर बसलेला असतो.

निर्गमाच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय आपण उपासनेत ऐकतो आणि विसरून जातो. व्यवस्थापनशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक तरुणाने तो एकदा सावकाश वाचावा. मोशे आणि अहरोन फारोपुढे उभे राहतात आणि आपल्या लोकांना देवाचा सण पाळण्यासाठी थोडी सुट्टी मागतात. फारोचे उत्तर आजच्या कानांनाही परके वाटणार नाही. हे लोक आळशी आहेत, यांना काम कमी पडते म्हणून सण सुचतात, असे तो म्हणतो. आणि हुकूम सोडतो की, विटांसाठी लागणारे गवत यापुढे त्यांना द्यायचे नाही, ते त्यांनी स्वतः गोळा करावे. विटांची संख्या मात्र एकानेही कमी होता कामा नये. माणसे कमी केली, साधने काढून घेतली, उद्दिष्ट तेवढेच ठेवले. आज याला ‘टार्गेट’ म्हणतात.

या कथेत फारो आणि मजूर यांच्या मध्ये आणखी एक वर्ग आहे. फारोच्या अधिकाऱ्यांनी इस्राएल लोकांतूनच काही नायक नेमलेले होते. विटा कमी भरल्या की पहिला मार या नायकांना बसे. माझ्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे, कारण हे नायक म्हणजे आज आपणच आहोत. आपल्या वाडवडिलांनी वाडीत रहाट ओढले, मिठागरे राखली, होड्या हाकल्या, गिरण्यांत आणि गोदीत घाम गाळला. त्यांची शिकलेली मुले-नातवंडे आज कोणी टीम लीडर आहेत, कोणी सुपरवायझर, कोणी बँकेत शाखाधिकारी, कोणी मनुष्यबळ विभागात. वसई-विरारहून भल्या पहाटेच्या लोकलने निघणाऱ्या या पिढीच्या वर कोणी तरी फारो आहे आणि खाली कोणी तरी मजूर आहे. मधल्या माणसाने कसे वागायचे, हाच नेतृत्वाचा खरा प्रश्न होय.

निर्गमातील नायकांनी काय केले? ते फारोकडे गेले. गवत दिले जात नाही आणि विटा मागितल्या जातात, आमचे लोक मार खातात आणि दोष तुमच्या माणसांचा आहे, असे त्यांनी त्याच्या तोंडावर सांगितले. फारोने त्यांना हाकलून दिले, हे खरे. परत येताना त्यांनी आपला राग मोशेवरच काढला, हेही खरे. ते काही संत नव्हते. परंतु निदान एकदा तरी ते वर तोंड करून बोलले. आज किती नायक वर बोलतात? वरून आलेले उद्दिष्ट आणखी दहा टक्के वाढवून खाली ढकलणारा आणि त्याबद्दल बढती मिळवणारा नायक मात्र घरोघरी दिसतो. त्याच्या खालचा मुलगा रात्री झोपत नाही, त्याची पाठ आणि पोट दोन्ही बिघडली आहेत, हे त्याला ठाऊक असते. ‘मी काय करू, वरूनच आले आहे,’ असे तो म्हणतो. वरच्याला विचारले तर तो ‘बाजारातून आले आहे’ म्हणतो आणि बाजाराला विचारायला गेले तर तेथे कोणीच भेटत नाही.

विटांचा हा विषय आपल्या भूमीलाही परका नाही. वसई-भिवंडीच्या पट्ट्यातील वीटभट्ट्यांवर आदिवासी कुटुंबे कशी बांधली जात, हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. पावसाळ्यातल्या उपासमारीत घेतलेली उचल फेडण्यासाठी दिवाळीनंतर सारे कुटुंब भट्टीवर जायचे आणि उचल कधी फिटायची नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. तो कागदावरून खाली उतरवण्यासाठी श्रमजीवी संघटनेला १९८२ पासून याच तालुक्यात झगडावे लागले. तेव्हाही भट्टीमालक म्हणत की, हे लोक खुशीनेच उचल घेतात. आज नव्या नोकरीत शिरणाऱ्या पदवीधराकडून काही कंपन्या ‘बॉण्ड’ लिहून घेतात आणि मुदतीआधी नोकरी सोडली तर इतके पैसे भरावे लागतील अशी तंबी देतात. वीटभट्टीवरची भूक आणि वातानुकूलित कार्यालयातील भीती यांची तुलना मी करणार नाही; ती अन्यायाची होईल. परंतु ‘त्याने खुशीने सही केली’ हा युक्तिवाद दोन्हीकडे सारखाच ऐकू येतो, एवढे ध्यानात घ्यावे.

आता थोडे आकडे पाहू, कारण आकड्यांवाचून केलेला संताप हा नुसता उसासा ठरतो. मोबाईलवरील ॲपच्या हुकमाने जेवण, किराणा आणि प्रवासी पोहोचवणारे तरुण आपण रोज पाहतो. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात अशा प्रकारच्या सुट्या कामावर जगणाऱ्यांची संख्या २०२०-२१ साठी ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज केला होता. या माणसांना कामगार म्हणत नाहीत, ‘पार्टनर’ म्हणतात. भागीदार! गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, पावसात भिजलेले अंग त्याचे, अपघात झाला तर मोडलेले हाडही त्याचेच. भागी कशात आहे, ते शोधावे लागते. कामगार नाही म्हणून त्याला हक्काची आठवडी सुट्टी नाही, कामाच्या तासांची मर्यादा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही.

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून इतर तीन श्रमसंहितांसह लागू करण्यात आली. तिने या माणसांची प्रथमच कायद्यात दखल घेतली. त्यांच्या सुरक्षा निधीसाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी, मात्र ती या कामगारांना दिल्या जाणाऱ्या रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावी, अशी तरतूद तिच्यात आहे. हे स्वागतार्ह आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र, मुदतबंद नोकरीतील माणसाला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, याही चांगल्या गोष्टी होत. परंतु याच संहितांनी कामगारकपातीसाठी आणि कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी घेण्याची अट शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर आणि दुकाने व खाजगी आस्थापनांतील नऊवरून दहावर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम राहील, जादा कामाचे दुप्पट वेतन मिळेल आणि कामगाराची संमती घेतली जाईल, असे सांगण्यात आले. संमती! ज्याची नोकरी तुमच्या हातात आहे त्याच्याकडून संमती मिळवणे किती अवघड असते, हे कोणत्याही गाळ्यातल्या पोराला विचारावे.

यावर मोठे लोक काय म्हणतात? ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे सुचवले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांची नव्वद तासांची अपेक्षा गाजली. आपल्या कर्मचाऱ्यांना रविवारीही कामाला लावता येत नाही, याची खंत त्यांनी बोलून दाखवली होती. नव्वद भागिले सहा म्हणजे रोजचे पंधरा तास होतात. त्यात आपल्या लोकलचे येण्याजाण्याचे तीन तास मिळवले तर झोप, जेवण, लेकरे, म्हातारे आईवडील आणि परमेश्वर या सर्वांच्या वाट्याला मिळून सहा तास उरतात. सातव्या दिवशीही काम करवून घेतले तर हिशेब थोडा सुसह्य होतो, म्हणूनच त्यांचा डोळा रविवारवर जात असावा.

रविवारचा विषय निघाला म्हणून एक इतिहास सांगणे भाग आहे. तो आपल्या घरांत फारसा सांगितला जात नाही. मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवारची सुट्टी कोणी मिळवून दिली? ती एखाद्या ख्रिस्ती गिरणीमालकाच्या धर्मबुद्धीतून मिळालेली नाही. ती मिळवली महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली त्यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या साध्या होत्या : आठवड्यातून एक दिवस विसावा, दुपारी अर्धा तास सुट्टी, सूर्योदयाच्या सुमारास सुरू झालेले काम सूर्यास्ताला थांबावे, आणि पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. सहा वर्षांच्या खटपटीनंतर जून १८९० मध्ये गिरणीमालक रविवारच्या सुट्टीला राजी झाले. पुढल्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढून कामगाराचा विसावा, न्याय्य वेतन आणि संघटनेचा हक्क यांचा कैवार घेतला. ज्या दिवशी आपण निर्धास्तपणे चर्चमध्ये बसतो तो दिवस आपल्यासाठी एका सत्यशोधकाने झगडून मिळवला, हे ऋण आपण मान्य केले पाहिजे. त्या काळीही गिरणी एक दिवस बंद ठेवली तर धंदा बुडेल, असे म्हणणारे होतेच. गिरण्या पुढे नव्वद वर्षे चालल्या आणि बंद पडल्या त्या रविवारच्या सुट्टीमुळे नव्हेत.

येथे एक आक्षेप मला ऐकू येतो. ‘फादर, प्रवचन ठीक आहे, पण धंदा शुभवर्तमानावर चालत नाही. स्पर्धा आहे. आम्ही सोडले तर दुसरा कमी पैशांत काम घेईल आणि मग कोणालाच नोकरी उरणार नाही.’ हा आक्षेप खोटा नाही आणि मी तो झटकून टाकणार नाही. नफा हे पाप नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या ‘चेंतेसिमुस आन्नुस’ या परिपत्रकात, उद्योग नीट चालल्याची खूण म्हणून नफ्याचे स्थान मान्य केले आहे. मात्र हिशेबाच्या वह्या चोख असूनही उद्योगातील माणसे, जे त्याचे सर्वांत मोलाचे धन, अपमानित होत असू शकतात, असा इशाराही तेथेच दिला आहे. स्पर्धा असेल, तर ती मालाच्या गुणवत्तेत करावी, कौशल्यात करावी, यंत्र सुधारण्यात करावी. माणसाच्या झोपेवर केलेली स्पर्धा ही शेवटी एकमेकांच्या लेकरांचे बाप पळवण्याची स्पर्धा ठरते. आणि एकटा मालक स्पर्धेपुढे हतबल असेल, तर सर्वांना सारखाच बांधणारा कायदा हवा, असे त्यानेच पुढे होऊन म्हटले पाहिजे. तसे म्हणणारे उद्योजक विरळा. कायदा सैल करा म्हणणारे मात्र उदंड.

दुसरा आक्षेप यंत्राचा. मी यंत्राचा वैरी नाही. आपल्या वाड्यांत रहाट जाऊन विजेचा पंप आला, तेव्हा बैलाची आणि बैलामागे फिरणाऱ्या माणसाची फरफट थांबली; त्याबद्दल कोणाला दुःख झाले? पुढे त्याच पंपांनी विहिरींचा तळ गाठला, टँकर भरभरून पाणी विकले गेले आणि गोड्या विहिरी मचूळ झाल्या. दोष पंपाचा नव्हता. पाणी किती उपसायचे, कोणासाठी उपसायचे आणि कोणाला विचारून उपसायचे, हे ठरवणाऱ्यांचा होता. तेव्हाही ‘विकास ही काळाची गरज’ असे आपल्याला सांगण्यात आले होते आणि ‘हरित वसई’ची चळवळ करणाऱ्या याच भूमीतील लोकांनी त्याला नाही म्हटले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न याहून वेगळा नाही. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या घरातील माणसे, कमी करण्याचे जाहीर केले तेव्हा मध्यमवर्गीय घरांत घबराट पसरली. घाबरण्यापेक्षा विचारावे : यंत्राने वाचवलेले श्रम कोणाच्या पदरात पडणार? कामाचे तास कमी होणार की कामाची माणसे? ज्यांचे काम गेले त्यांना नवे शिकवण्याचा खर्च कोण उचलणार? हे सारे निर्णय माणसांनीच घ्यायचे आहेत. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव मुद्दाम घेतले आणि दोनच दिवसांनी कार्डिनलांसमोर त्याचे कारण सांगितले : लिओ तेराव्यांपुढे पहिल्या औद्योगिक क्रांतीचा प्रश्न होता, आपल्यापुढे कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे, आणि मानवी प्रतिष्ठा, न्याय व श्रम यांचे रक्षण करण्याचे आव्हान पुन्हा उभे आहे.

द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आठवा. तो पहाटे स्वतः नाक्यावर गेला. पुन्हा नऊला, बाराला, तीनला आणि दिवस मावळताना पाचला गेला. रिकाम्या उभ्या असलेल्यांना त्याने विचारले, तुम्ही का उभे? आम्हांला कोणी कामावर लावले नाही, हे उत्तर त्याने ऐकून घेतले आणि संध्याकाळी त्यांच्याही हातावर पूर्ण दिवसाची मजुरी ठेवली. त्याच्या दानतीविषयी आपण पुष्कळ प्रवचने ऐकली. मला आज एवढेच सुचवायचे आहे की, तो मालक दिसत होता. कुरकुर करणाऱ्यांना त्याच्याशी वाद घालता आला आणि त्याने त्यांना उत्तर दिले. आज ॲपवरून काढून टाकलेल्या मुलाने वाद कोणाशी घालायचा? ‘सिस्टमने तसे ठरवले’ एवढेच उत्तर त्याला मिळते. ज्याच्याशी भांडता येत नाही असा मालक फारोपेक्षाही दूरचा आहे. फारोने निदान नायकांना दरबारात येऊ दिले होते.

आणि आता आपल्या घराकडे वळू, कारण मूर्ती आणि सुब्रह्मण्यन यांच्यावर टीका करणे सोपे आहे. जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’मध्ये प्रत्यक्ष मालकाबरोबरच अप्रत्यक्ष मालकाची कल्पना मांडली. कामाच्या अटी दुरून ठरवणारी राज्यसंस्था आणि इतर यंत्रणा यांना उद्देशून ती प्रामुख्याने आहे. तोच धागा पुढे नेला तर ग्राहक म्हणून आपणही त्यात सापडतो. काही मिनिटांत दूध दारात हवे असा हट्ट धरणारे, भर पावसात दहा मिनिटे उशीर झाला म्हणून एकच तारा देणारे आपण अप्रत्यक्ष मालकच आहोत. प्रत्यक्ष मालक तर आपल्यात पुष्कळ आहेत. वालीव, सातिवली, गोखिवरे येथे कोणाचे गाळे आहेत, कोणाचा केटरिंगचा व्यवसाय आहे, कोणाची बांधकामाची कंत्राटे आहेत. धुणीभांडी करणारी बाई तर घरोघर आहे. तिला आठवड्याची पगारी सुट्टी आहे काय? गाळ्यातल्या मुलाच्या हाती नेमणूकपत्र आहे काय? लग्नाच्या हंगामात रात्री दोन वाजेपर्यंत ताटे उचलणारी आदिवासी मुले घरी कशी पोहोचतात, याची कोणी चौकशी केली काय? राबलेल्याची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, अशी अनुवादाच्या पुस्तकाची आज्ञा आहे, आणि अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच देवाकडे ओरडते, असे संत याकोब बजावतो. ख्रिस्तसभेच्या शाळा, रुग्णालये आणि कार्यालये यांनाही हाच नियम लागू आहे. वर्षानुवर्षे ‘तात्पुरत्या’ राहिलेल्या शिक्षिका आणि कंत्राटदारामार्फत येणारे सफाई कामगार यांच्या वेतनाचा हिशेब आपल्या संस्थांनी कोणी मागण्याआधी मांडावा. आपल्याच दारात न्याय नसेल तर व्यासपीठावरून रेरुम नोव्हारुमचे नाव घेण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. करिअर मार्गदर्शन शिबिरात मुलाखत कशी द्यावी याबरोबर एक सत्र कामगार कायद्याचे असावे : नेमणूकपत्रात काय वाचावे, भविष्य निर्वाह निधी आणि राज्य विमा कोणाला लागू होतो, ई-श्रम नोंदणी कशी करावी, तक्रार कोठे करावी. दुसरे सत्र केवळ नायकांसाठी असावे. हाताखाली दोन माणसे असोत की दोनशे, वरून आलेल्या अशक्य उद्दिष्टाला ‘गवत कोठे आहे?’ असा प्रश्न विचारण्याचे धैर्य कसे मिळवावे, त्यासाठी सहकाऱ्यांची सोबत कशी जोडावी आणि त्याची किंमत चुकवावी लागली तर धर्मग्राम पाठीशी कसा उभा राहील, हे तेथे बोलले जावे. कारण एकट्याने बोलणाऱ्याची नोकरी जाऊ शकते, हे मला कळते. त्याच्या घरचे हप्ते प्रवचनाने फिटत नाहीत. म्हणूनच ज्याची नोकरी न्यायासाठी गेली, त्याला दुसरे काम मिळेपर्यंत आधार देणारा निधी धर्मग्रामाच्या पतपेढ्यांना आणि संघटनांना उभारता येणार नाही काय? सणाच्या रोषणाईसाठी आपण वर्गण्या काढतोच.

पुढला १ मे येईल. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली हा दिवस कामगार संत जोसेफ यांचा सण म्हणून दिला. त्या दिवशी सुताराच्या हत्यारांचे आपण कौतुक करू. त्याआधी प्रत्येक मालकाने आपली पगाराची वही आणि प्रत्येक नायकाने आपल्या हाताखालच्यांच्या हजेरीचे तास एकदा स्वतःशी तपासावेत. आणि व्यासपीठावरून कोणी पुन्हा ‘काळाची गरज’ म्हणाला, तर मागल्या बाकावरच्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने उभे राहून शांतपणे विचारावे : काळाची म्हणजे नेमकी कोणाची?